१० टनांचा बोर्ड, २९ टनांची खेप : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

दिवाळी झाली, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि या सदराची पत्रंच बदलली. एरवी भिंतीला ओल, गळका स्लॅब, गच्चीला चिरा हेच असतं, यावेळी मात्र पुलावरचे वजनाचे बोर्ड आणि गावच्या रस्त्यावरून जाणारे डंपर यावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. माझी सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात, त्यातली बरीच वर्षं पुलांच्या तपासणीत गेली, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलते, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या ओढ्यावरच्या जुन्या पुलाला पावसाळ्यानंतर "१० टन" असा गोल बोर्ड लावलाय. माझा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत, कारखान्याच्या काट्यावर ऊस २२ टनांच्या आसपास भरतो. गावात कोण म्हणतं १० टन म्हणजे एका ट्रॉलीतला माल, कोण म्हणतं एका चाकजोडीवरचं वजन. दुसऱ्या रस्त्यानं १४ किलोमीटरचा वळसा आहे, डिझेल कोण देणार? आणि गेली २० वर्षं याच पुलावरून ऊस जातोय, काही झालेलं नाही. नक्की काय धरायचं? (एक ऊस उत्पादक, कोल्हापूर जिल्हा)

दादा, लाल कडेचा गोल आणि आत नुसतं "१० टन" असेल तर ते पुलावर चढणाऱ्या अख्ख्या गाडीचं वजन असतं. गाडी, माल, डिझेल, वर बसलेली माणसं, सगळं धरून. चाकजोडीचा म्हणजे एक्सलचा बोर्ड वेगळा असतो, त्यात दोन चाकं आणि मधला दांडा काढलेला असतो, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा तो नाहीये.

आता हिशोब करू. ट्रॅक्टर सव्वादोन टन, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून पावणेपाच टन, म्हणजे उसाचं एक कांडं चढायच्या आधीच ७ टन झाले. त्यावर २२. एकूण २९. बोर्डाच्या जवळजवळ तिप्पट. एक ट्रॉली सोडून एकेक करून न्यावी असं मनात येईल, बरेच जण तसं करतातही, पण एका भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर साडेपंधरा टनांवर जातो, म्हणजे तेही बसत नाही. कोणी हुशार माणूस सांगेल की दोन्ही ट्रॉल्या एकाच गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या पुलाच्या एकाच भागावर, कुठे असतात, एक पुढच्या गाळ्यावर तर एक मागच्या. खरंय, पण त्या दोन गाळ्यांच्या मधे जो खांब उभा आहे त्याच्या डोक्यावर दोन्हीकडचं वजन एकदम येतं, आणि जुन्या पुलाचं दुखणं पुष्कळदा त्या खांबाच्या पायातच असतं.

तुमचं "२० वर्षं काही झालं नाही" हे वाक्य मला प्रत्येक पत्रात भेटतं, त्यावर थोडं सविस्तर लिहिते. नोकरीच्या सुरुवातीला एका दगडी कमानीच्या पुलाखाली तडा बघायला आमच्या साहेबांबरोबर गेले होते. तेव्हा पद्धत अशी होती की तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटनं चिकटवायची आणि ओल्या सिमेंटवर खिळ्यानं तारीख कोरायची, पट्टी तुटली की समजायचं तडा जिवंत आहे, अजून उघडतोय. आम्ही तीन पट्ट्या लावल्या. बारा दिवसांनी गेलो तर दोन तुटलेल्या, चीर केसाइतकी, बोटानं चाचपल्यावरच कळली. आम्ही खाली उभे असतानाच वरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि दगडांच्या सांध्यातून जुना चुना भुरभुर माझ्या हातावर पडला, कोरडा, पिठासारखा. ट्रॅक्टरवाला वर गाणी लावून निवांत चालला होता, त्याला काय कळणार? त्याच्या दृष्टीनं पुलाला काहीच झालेलं नव्हतं.

पूल बांधताना जेवढं वजन धरलं होतं तेवढंच त्याला आज पेलतं असं नसतं. गज गंजतात, बेअरिंग जाम होतात, ओढ्यातली वाळू उपसली की पात्र खाली जातं आणि पाया उघडा पडतो, मग एका पुरात पायाखालची माती धुवून जाते आणि वर डांबर मात्र गुळगुळीत. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी त्यात गेल्या, तिथे कारण जास्त वजनाचं नव्हतं, पुराचं होतं. गुजरातमधे वडोदरा जिल्ह्यातला मही नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला सकाळी कोसळला, तो १९८५ चा, म्हणजे ४० वर्षांचाच, आणि रोजच्यासारखीच वाहतूक चालू होती. तेव्हा पावसाळ्यानंतर बोर्ड लागलाय याचा अर्थ कोणीतरी खाली उतरून काहीतरी बघितलंय असं धरा. काय बघितलं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, माहितीच्या अधिकारात तपासणीचा अहवाल मागा, तो साध्या अर्जावर मिळायला हवा.

वळशाचं म्हणाल तर तो प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. ऊसतोड टोळी फडात यायच्या आधी चिटबॉयला (शेतावर ऊसतोडीचं काम बघणारा कारखान्याचा माणूस) आणि कारखान्याच्या गट ऑफिसला लेखी द्या की हा पूल जड वाहनांना बंद आहे, बोर्डाचा फोटो जोडा, आणि वाहतुकीचं अंतर वळशाच्या रस्त्यानं धरा अशी मागणी करा. एकट्यानं नको, ओढ्यापलीकडच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून. एकदा खेपा सुरू झाल्या की कोणी ऐकत नाही.

प्रश्न : आमच्या गावचा रस्ता दोन वर्षांपूर्वी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झाला. आता नदीकडून वाळूचे दहा टायरवाले डंपर रात्रंदिवस जातात, कडा तुटल्यात, मधे चाकांच्या चाऱ्या पडल्यात. ग्रामपंचायत स्वतः वजनाचा बोर्ड लावू शकते का? काही सदस्य म्हणतात लोखंडी कमान ठोकून टाकू. (एक महिला सरपंच, नांदेड जिल्हा)

सरपंच ताई, आधी कमानीचं सांगते, कारण ते काम लोक एका रात्रीत करून मोकळे होतात. कमान उंची अडवते, वजन नाही. वाळूनं भरलेला डंपर आणि रिकामा डंपर एकाच उंचीचे असतात! त्यात ती एसटीला अडवेल, आगीचा बंब अडवेल, कडब्याची गाडी अडवेल, आणि अंधारात दुचाकीवाला तिच्या खांबावर आपटला तर ठोकणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल. परवानगीशिवाय नकोच.

बोर्डाचंही तसंच आहे. ग्रामपंचायतीनं रंगवलेला बोर्ड लोकांना सांगण्यापुरता ठीक, पण त्यावर दंड होत नाही. वजनाची बंदी घालायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मधे आहे, राज्य सरकार किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, आपल्याकडे जिल्ह्यात जिल्हाधिकारी तसा आदेश काढतात आणि मग कलम ११६ खाली बोर्ड लागतात. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची वाट बघावी लागत नाही, गावात जाहीर केलं की पुरतं, हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण "राजपत्रात यायला वेळ लागतो" असं उत्तर तुम्हाला मिळू शकतं. ग्रामसभेचा ठराव करा, तारीख दिसेल असे फोटो काढा, आणि जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्यांकडून रस्त्याच्या अवस्थेबद्दल पत्र घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, चुकीच्या दारात गेलात तर नुसत्या फेऱ्या होतात. आणि दोनच वर्षांचा रस्ता आहे ना? ग्रामसडक योजनेत पहिली ५ वर्षं देखभाल ठेकेदाराची असते, रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो त्यावर त्याचं नाव आणि तारखा असतात. तो म्हणेल ओव्हरलोडमुळे खराब झाला, म्हणूनच डंपरची नोंदवही ठेवा, दिवसाला किती गेले, कधी गेले.

डंपरनं रस्ता इतका का फुटतो ते तुमच्या सदस्यांना नीट समजावून सांगा, कारण कोणाला वाटतं दीडपट माल भरला तर दीडपट झीज होईल. तसं होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावरून ट्रक फिरवून फिरवून बघितलं, त्यातून निघालेला ठोकताळा आजही जगभर वापरतात, की एक्सलवरचं वजन जेवढ्या पट वाढेल त्याचा चौथा घात करा, तेवढ्या पट रस्ता झिजतो. वजन दुप्पट तर झीज १६ पट. वजन नुसतं २० टक्के जास्त तरी झीज दुप्पट!

तुमच्या डंपरचाच हिशोब घ्या. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, वाळूचं ते साधारण साडेचार टन भरतं, ओली असेल तर आणखी जास्त. दहा टायरच्या गाडीचं मालासकट वजन आधी २५ टन चालायचं, जुलै २०१८ ला केंद्रानं ते साडेअठ्ठावीस केलं. गाडी स्वतःच १० टनांच्या आसपास, म्हणजे ४ ब्रास भरली की गाडी कायद्याच्या टोकाला आली. आता फाळक्याच्या वर फळ्या ठोकून ६ ब्रास भरा, २७ टन माल आणि १० टन गाडी, ३७. यातले साडेएकोणतीस टन तरी मागच्या दोन एक्सलवर येणार, तिथे परवानगी २१ ची. चौथा घात केला की झीज जवळजवळ चौपट निघते, म्हणजे एक डंपर चार डंपरांचं काम करून गेला. त्यात तुमचा रस्ता पावणेचार मीटर रुंदीचा असेल, समोरून कोणी आलं की डंपरचं एक चाक साईडपट्टीवर उतरणारच, आणि डांबराखालची खडी गावातल्या रोजच्या, तुरळक वाहतुकीचा विचार करून टाकलेली असते.

प्रश्न : मी भाड्यानं ट्रक चालवतो. मालक म्हणतो बोर्डाकडे बघू नको, काही झालं तर मी बघतो. पकडलं तर दंड कोणाला? आणि बोर्ड दिसतो तेव्हा पूल समोरच आलेला असतो, मागे वळायला जागा नसते, काय करायचं? (एक ड्रायव्हर, सोलापूर)

भाऊ, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मधे गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा असे दोघेही येतात, त्यामुळे मालक सुटत नाही, पण तुम्हीही सुटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड २० हजार रुपये आणि जास्तीच्या दर टनाला आणखी २ हजार असा आहे, माल उतरवायचा खर्च वेगळा, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही असंही त्यात लिहिलंय. काट्यावर जायला नकार दिला किंवा वजन करायच्या आधी माल उतरवून टाकला तर ४० हजार. आणि हे फक्त आरसीवरच्या पासिंगपुरतं, म्हणजे गाडीच्या नोंदलेल्या वजनापुरतं, नाही हं, पुलावरची कलम ११५ ची बंदी मोडली तरी हेच कलम लागतं. म्हणजे गाडी पासिंगमधे असली तरी १० टनांच्या पुलावर साडेअठरा टनांचा सहा टायर घातला तर गुन्हाच. पूर्वी काही राज्यांत कार्ड नाहीतर टोकन देऊन ओव्हरलोड गाड्या सोडायची सोय होती, सुप्रीम कोर्टानं २००५ साली ती बंद केली, तेव्हा "आपलं कार्ड आहे" असं कोणी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही.

भरल्यावर काटा करा आणि पावती जवळ ठेवा. मालकाला फोनवर न बोलता मेसेज करा, "गाडी एवढी भरली आहे, या रस्त्यावर एवढ्या टनांचा पूल आहे, कुठून जाऊ?" उत्तर लेखी आलं की तुमच्या हातात काहीतरी राहतं. ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं तो पुलाबरोबर खाली जातो, मालक घरी असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वळायला जागा नाही ही तक्रार अगदी बरोबर आहे आणि त्यात चूक तुमची नाही. वजनाचा बोर्ड पुलाच्या तोंडाशी लावून भागत नाही, त्याच्या आधीच्या फाट्यावर, जिथून दुसरा रस्ता फुटतो तिथे लावायला हवा, रात्री चमकेल असा. माझ्या नोकरीत मी असे कितीतरी बोर्ड बघितलेत, बाभळीच्या आड गेलेले, लग्नाच्या बॅनरखाली झाकलेले, एकदा तर उलटा फिरलेला. मोबाईलवरचा नेहमीचा नकाशा तुम्हाला कारचा रस्ता दाखवतो, पुलाचं वजन त्याला कळत नाही. तोंडाशी अडकलातच तर क्लीनरला खाली उतरवा, मागच्या गाड्या थांबवा आणि रिव्हर्स घ्या, अर्धा तास गेला तरी चालेल. आणि मर्यादेत बसणारी गाडी असली तरी जुन्या पुलावर हळू चढा, पुलावर ब्रेक मारू नका, समोरून दुसरी जड गाडी येत असेल तर ती उतरेपर्यंत अलीकडेच थांबा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गेटसमोर नाल्यावर छोटी मोरी आहे, उन्हाळ्यात १० हजार लिटरचे टँकर येतात. धोका आहे का? (एक सेक्रेटरी, पुणे)

१० हजार लिटर पाणी म्हणजेच १० टन, त्यात टँकरचं स्वतःचं वजन मिळवा, १५ च्या वर गेलात. मोरीचा स्लॅब किती वजनाला केला होता त्याचं ड्रॉइंग बिल्डरकडून मागा, नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला मोरीच्या आत, खालच्या बाजूला वाकून बघायला लावा, वरून बघून काही कळत नाही. गज दिसत असतील, कॉंक्रीटचे पापुद्रे पडले असतील तर तोपर्यंत टँकर अलीकडेच उभा करून पाईपनं पाणी घ्या. आगीचा बंबही याच मोरीवरून आत येणार आहे, तेव्हा हे काम उन्हाळ्यापर्यंत लांबवू नका.

प्रश्न : आमच्या वाडीत ओढ्यावर लोखंडी साकव आहे, सव्वा मीटर रुंद आणि १५ मीटर लांब. गाड्या जात नाहीत, फक्त माणसं आणि कधीतरी मोटरसायकल. शिमग्याला पालखी यावरूनच पलीकडे जाते, तेव्हा शेदोनशे माणसं एकदम असतात. माणसांचं वजन एवढं असतं का? कुंडमळ्याचं वाचल्यापासून आईला काळजी वाटते. (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्हा)

बाळा, तुझ्या आईची काळजी रास्त आहे, आणि तू मापं लिहून पाठवलीस त्यामुळे मला नीट उत्तर देता येतंय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला, रविवारी दुपारी कोसळला, पाणी बघायला आलेली माणसं आणि काही दुचाक्या त्यावर एकदम होत्या, ४ जण गेले आणि कितीतरी जखमी झाले. गोव्यात कुडचड्याजवळ सावर्ड्याला १८ मे २०१७ ला असंच झालं होतं, पोर्तुगीज काळातला वापरात नसलेला पूल, नदीत एकाला शोधायचं काम चालू होतं ते बघायला गर्दी जमली आणि पूल खाली आला. दोन्ही ठिकाणी ट्रक नव्हता, माणसंच होती.

तुझा साकव सव्वा गुणिले १५, म्हणजे पावणेएकोणीस चौरस मीटर. दाटीवाटीनं उभं राहिलं तर एका चौरस मीटरमधे पाच माणसं सहज मावतात, सरासरी ६५ किलो धरली तरी सव्वातीनशे किलो झाले. सगळा साकव भरला तर ९० च्या वर माणसं आणि वजन ६ टन! एका मध्यम ट्रकचा माल झाला हा. म्हणूनच आपल्याकडच्या पुलांच्या नियमांत पादचाऱ्यांसाठी चौरस मीटरला ४०० किलो आणि जिथे जत्रा-यात्रेची गर्दी होते तिथे ५०० किलो धरायला सांगितलंय. साकव नवा असेल, नीट बांधलेला असेल तर तो हे पेलतो. पण समुद्राकडच्या खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर खातं, विशेषतः जिथे तुळई काठावरच्या दगडात शिरते तिथे, कारण पाला आणि माती साचून ती जागा वर्षभर ओली राहते.

तेवढी एकच गोष्ट तू बघ, एकटी नको, घरातलं मोठं कोणीतरी बरोबर घे. ओढा आटल्यावर काठावरून खाली उतरा, चारही टोकांना तुळई जिथे टेकते तिथला पाला बाजूला करा आणि फोटो काढा. लोखंडाचे पोळीसारखे पदर सुटत असतील, नाहीतर आरपार भोक दिसत असेल तर ते फोटो लगेच ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाला अर्जासोबत द्या, पोच घ्या, आणि तोवर मोटरसायकल साकवावरून नेणं थांबवा.

शिमग्याला अजून तीन-चार महिने आहेत. गावच्या मानकऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा की पालखी साकवावर नाचवायची नाही, ढोलाच्या ठेक्यावर सगळे एकदम उसळले की तेच वजन साकवाला कितीतरी जास्त लागतं. आधी ढोलवाले पलीकडे जाऊ देत, मग पालखी आणि तिचे खांदेकरी तेवढेच, बाकीची माणसं दहा-दहाच्या गटानं मागून. दोन्ही टोकांना वाडीतली दोन-दोन दणकट माणसं उभी करा, तरुण पोरं त्यांचं ऐकतात. फोटो काढलेस की मलाही पाठव, मोबाईल शक्य तेवढा जवळ धरून काढ आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे गंज किती खोल गेलाय त्याचा मला अंदाज येईल.